कानात सांगितलेला आकडा

मानांग सेंडाचं दुखणं गेलं ते तिचा उजवा हात, अर्धं तोंड आणि पैशाचे सगळे आकडे घेऊन गेलं. हात डॉक्टरांनी परत आणला, निदान पेला धरण्यापुरता. तोंडही थोडं सावरलं. आकडे कुठे गेले ते मात्र कुणालाच सांगता येईना.

मानांग म्हणजे माझी थोरली बहीण. एकोणीस वर्षं ती आमच्या धक्क्यावरची लिलाववाली होती आणि एकोणीस वर्षं मी तिच्या डाव्या हाताला वजनकाट्यापाशी बसत होते. आमच्याकडे माशांचा लिलाव ओरडून होत नाही. घेणारा येतो, तोंडाशी तळहात धरतो आणि लिलाववालीच्या कानात एका टबाचा भाव सांगतो. मग दुसरा येतो, मग तिसरा. सगळ्यांचं झालं की ज्याचा भाव सर्वांत वर त्याच्याकडे ती ओठांनी खूण करते. संपलं. किती भावाला माल गेला ते फक्त तिला, घेणाऱ्याला आणि होडीवाल्याला कळतं. बाकीचे आपापले रिकामे टब उचलून चालू लागतात. कानात गेलेला आकडा तोंडातून बाहेर पडला, तर ती बाई पुन्हा कधी त्या खुर्चीवर दिसत नाही. म्हणून आमच्याकडे लिलाववालीला लिलाववाली म्हणत नाहीत, 'कान' म्हणतात.

आता सांगा, ज्या बाईला 'क्वात्रो मिल' मोठे की 'त्रेस मिल' मोठे, चार हजार की तीन हजार, हे कळत नाही, ती कान कशी होणार?

गंमत अशी की तिला मोजता येत होतं. इस्पितळातून आणल्यावर पहिला शब्द तिच्या तोंडून आला तो शिवी होता, आणि तो मला उद्देशून होता, कारण मी तिचं सूप सांडलं होतं. मी आनंदाने रडले. दुसऱ्या आठवड्यात उसा, दुहा, तुलो, म्हणजे आमचे एक, दोन, तीन, आले. खिडकीतून दिसणाऱ्या कोंबड्या ती मोजायची, उपात, लिमा, उनोम, थेट नापुलोपर्यंत, दहापर्यंत, एकही न चुकता. पण मासे, कोंबड्या, पोरं मोजायचे आमचे आकडे वेगळे आणि पैशाचे वेगळे. पैसा आला की उनो, दोस, त्रेस. स्पॅनिश लोक गेले आणि जाताना बाजार तेवढा त्यांच्या आकड्यांत ठेवून गेले. तिच्या डोक्यातली ती एकच खोली बंद झाली होती. शेजारची उघडी, ती बंद. डॉक्टर म्हणाले, असं होतं, शिकवा तिला, लहान मुलाला शिकवतात तसं.

लहान मुलाला शिकवणं सोपं असतं. लहान मूल तुमच्याकडे असं बघत नाही, जसं ती माझ्याकडे बघायची.

मी रंगांपासून सुरुवात केली. पलंगावर नोटा मांडल्या. नारिंगी विसाची उचलायची आणि म्हणायचं, बायंते. लाल पन्नासाची, सिंक्वेंता. जांभळी शंभराची, सियेंतो. पिवळी पाचशेची, किन्येंतोस. निळी हजाराची, मिल. ती नोट ओळखायची, हातात घ्यायची, बोटांनी कुरवाळायची, आणि शब्द यायचा नाही. मग मी तिला घेऊन बाहेर पडले. सायकलरिक्षावाल्याला द्यायचे दिएस, दहा. बेकरीतल्या पोरीने पावाचे 'बायंते' म्हटलं की नारिंगी नोट काढायची. एक किलो तांदूळ, सिंक्वेंता. रोज तोच तांदूळ, तेच दुकान. दुकानदारीण आम्हाला बघितलं की मोठ्याने, बहिऱ्याशी बोलतात तसं ओरडायची, "सिं-क्वें-ता, मानांग!" एके दिवशी मानांगने तिला म्हटलं, "कान... चांगला आहे. तूच... हळू बोल." मी परत येईपर्यंत हसत होते.

चार महिन्यांत बायंते आले, सिंक्वेंता आले, सियेंतोही आले. मोठे आकडे येत-जात राहिले. कधी सकाळी किन्येंतोस पक्के असायचे आणि संध्याकाळी नाहीसे व्हायचे. आणि धक्क्यावर तर सगळा कारभार मोठ्या आकड्यांचाच.

तोवर आमच्या टेबलावर धूळ बसली होती. माल दोन नंबरच्या टेबलाकडे, वेन्सिंगकडे जाऊ लागला. वेन्सिंग वाईट माणूस नाही. तो फक्त फार गोड बोलतो, आणि त्याचा कान बरा आहे.

मग बुधवारी नोंग इस्योंग घरी आले; वडीलधाऱ्या पुरुषांना आम्ही नोंग म्हणतो. सत्तरीचे, बायको गेलेली, धक्क्यावरच्या सगळ्यांत मोठ्या होडीचे मालक. ते जिकडे जातात तिकडे बाकीच्या होड्या जातात, मेंढरांसारख्या. त्यांनी टोपी मांडीवर ठेवली आणि सरळ मुद्द्याला हात घातला. मानांगला ते दाय म्हणतात, धाकट्या बहिणीला म्हणतात तसं.

"दाय सेंडा, मला फिरवून बोलता येत नाही. शनिवारी उजाडता माझी होडी लागेल. कुपा मिळाला तर वीस टब तरी उतरतील. ते तुझ्या टेबलावर ठेवतो. तू ऐक, तू ठरव. जमलं तर मी जिवंत आहे तोवर टेबल तुझं. नाही जमलं तर मी वेन्सिंगकडे जाईन, आणि मग रुसायचं नाही."

मानांगने मान हलवली. "नाही... रुसणार."

"आणि दया म्हणून करत नाही हं मी हे. माझ्या होडीवर नऊ माणसं आहेत. मला दया परवडत नाही."

ते गेल्यावर तिने पलंगाकडे बोट दाखवलं. नोटा काढ.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी मी परीक्षा घेतली. अगदी धक्क्यावर असते तशी. तिच्यामागे उभी राहिले, तोंडाशी हात धरला आणि कानात एकेक आकडा सांगितला. तिने तेवढ्या नोटा मांडायच्या. पहिले दोन बरोबर आले. तिसऱ्याला मी क्वात्रो मिल किन्येंतोस, साडेचार हजार, म्हटलं, तिने उलट चार पिवळ्या मांडल्या आणि एक निळी. मी पुढचा आकडा घेतला. चौथ्याला ती थांबली, बराच वेळ थांबली, मग दोन नोटा ठेवल्या, एक उचलली, पुन्हा ठेवली. दहापैकी सहा चुकले. शेवटचा आकडा सिंको मिल होता. सोपा. पाच निळ्या. तिने तीन ठेवल्या आणि माझ्याकडे बघितलं, बरोबर ना, अशा नजरेने.

माझा पारा चढला. मी स्वभावाने तापट आहे, हे सगळा धक्का जाणतो आणि मीही नाकारत नाही. मी ओरडले, "कोंबड्या मोजता येतात, मासे मोजता येतात, पैसे तेवढे येत नाहीत! मग जा, कोंबड्याच मोजत बस जन्मभर!"

तिने एका हाताने सगळ्या नोटा जमिनीवर लोटल्या. मी त्या गोळा केल्या. आम्ही दोघींनी न बोलता भात खाल्ला. तिला घास चावायला वेळ लागतो, त्यामुळे ते न बोलणं फार लांबलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मला दिसत होतं, ती खुर्चीत बसलीय, अकरा जण येऊन कानात सांगून गेलेत, आणि ती भलत्याकडेच ओठ वळवतेय. तिचे ओठ तर आता एका बाजूला ओढलेले. ती डावीकडे खूण करायला जाईल आणि उजवीकडचा माणूस टब उचलायला धावेल. कुणीतरी फसकन हसेल. एकोणीस वर्षांच्या कानाचा शेवट असा व्हायचा, पोरांच्या फिदीफिदीत. आणि खरं सांगायचं तर मला माझा वजनकाटाही दिसत होता. तिची खुर्ची गेली की काटाही गेला. पण आधी तीच दिसत होती. हे माझ्यावर विश्वास ठेवून ऐका.

शुक्रवारी मी बास्यांगकडे गेले.

बास्यांग आमच्या घेणाऱ्यांत सगळ्यांत मोठी. शहराच्या बाजारात तिचे तीन गाळे आहेत, हातात सोन्याचं कडं आहे आणि तोंड माझ्याहून फाटकं आहे. ती अंगणात बसून डुकराला कोंडा घालत होती.

"काय गं निलिंग, तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?"

मी तिला सगळं सांगितलं. गुरुवारचं, पाच निळ्या नोटांच्या जागी तीन ठेवल्याचं. मग मी कशासाठी आले होते ते सांगितलं. "उद्या तुम्ही सगळ्यांनी तिच्या कानात एकच आकडा सांगा. एकच. मग तिने कुणाकडेही खूण केली तरी ती चुकणार नाही. चुकता येणारच नाही तिला."

बास्यांगने कोंड्याचा हात झटकला. थोडा वेळ ती डुकराकडेच बघत होती.

"किती म्हणतेस?"

"तूच सांग."

"क्वात्रो मिल," ती म्हणाली. "सोपा आहे. आजारी माणसाला झेपेल." आणि हसली.

कुप्याचा टब त्या आठवड्यात पाच हजारांच्या वर जात होता. मला ठाऊक होतं. नोंग इस्योंगना टबामागे हजार कमी, वीस टब. हा हिशेब मी केला नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू. केला. अर्ध्यात सोडून दिला. एक दिवसाची तर गोष्ट आहे, म्हटलं. होडीवाल्याचं पोट मोठं असतं, म्हटलं. ती नऊ माणसं मी हिशेबात धरलीच नाहीत.

"बाकीच्यांना मी सांगते," बास्यांग म्हणाली.

"नाही. मीच जाते." मला वाटलं माझ्या तोंडून गेलं तर ती दया राहील. तिच्या तोंडून गेलं तर धंदा होईल. मी दुपारभर आणि संध्याकाळभर दहा घरं फिरले. कुणी जाळं विणत होतं, कुणी नोव्हेनाच्या प्रार्थनेला निघालं होतं. पाच जणांनी डोळे पुसले. चौघांनी पटकन हो म्हटलं, फारच पटकन. एकटा पिदो, सगळ्यांत म्हातारा, तो मान खाली घालून म्हणाला, "निलिंग, हे बरं नव्हे. तिला विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं नोंग? तिला आकडे येत असते तर मी तुमच्या दारात आले असते?"

शेवटी तो हो म्हणाला.

घरी पोचले तेव्हा काळोख झाला होता. मानांग पलंगावर बसली होती, नोटा पुढ्यात पसरलेल्या, डोळे तांबडे. मला बघून ती काहीतरी सांगायला लागली, "नि... निलिंग, आज..." माझे पाय मोडून आले होते. म्हटलं, "आता पुरे, झोप. उद्या उजाडता जायचंय." मी नोटा गोळा करून डब्यात टाकल्या आणि दिवा मालवला.

शनिवारी समुद्र तेलासारखा सपाट होता. नोंग इस्योंगची होडी किनाऱ्याला लागली तेव्हा आभाळ नुकतं उजळत होतं. बावीस टब निघाले. काळ्या पाठीचा, टणक, ताजा कुपा. नऊ माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून टब खांद्यावर घेत होती. तीन रात्री समुद्रावर काढलेल्या माणसांचे डोळे होते ते.

मी मानांगला तिचा निळा झगा घातला होता आणि केस चापून बांधले होते. ती खुर्चीत बसली. आजूबाजूला अख्खा धक्का जमला. असे जमतात ते फक्त भांडण बघायला किंवा कुणी बुडालं तर. वेन्सिंग आपल्या टेबलाला टेकून उभा होता, हात फडक्याने पुसत. नोंग इस्योंग एका उपड्या टबावर बसले.

"चला," ते म्हणाले.

पहिली बास्यांग गेली. वाकली, कडं किणकिणलं, तोंडाशी हात धरला. क्षणभर. मागे झाली. मानांगचा चेहरा लाकडाचा. तो एकोणीस वर्षं तसाच असायचा आणि आजही तसाच होता. मी नि:श्वास सोडला.

दुसरा गेला. तिसरी गेली.

चौथ्यानंतर मानांगचा डावा हात, जो झग्याची कड चुरगाळत होता, तो थांबला.

माझ्याशिवाय हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं. मी एकोणीस वर्षं त्या हाताशेजारी बसलेय. तो हात कधी थांबतो ते मला ठाऊक आहे. कुणी फार मोठा किंवा फार लबाड भाव सांगितला की तो थांबतो. तिला कळलं होतं. आकडा कळला होता आणि चौघांनीही तोच सांगितला हेही कळलं होतं.

पाचवा. सहावी. सातव्यानंतर तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. लिलाव चालू असताना कान कुणाकडे बघत नाही, बघितलं तर लोक म्हणतील खूण केली. तिने बघितलं. मी वजनकाट्याची साखळी सरळ करायला लागले. ती सरळच होती.

आठवा, नववी, दहावा. शेवटी पिदो. तो वाकला तेव्हा त्याचा आवाज कापत होता, आणि त्याने सांगितल्यावर मानांगने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. मग तो मागे झाला.

आता तिने ओठ वळवायचे. कुणाकडेही. कुणाकडेही वळवले असते तरी टेबल तिचं झालं असतं. बास्यांगने तर पिशवीचा बंद सोडायला घेतला होता.

मानांगने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. नाही.

म्हणजे माल कुणालाच नाही. असं झालं की टब दोन नंबरच्या टेबलावर जातात. हा नियम आहे.

मागे कुणीतरी म्हणालं, "अरेरे." कुणीतरी हसलंच. मला ज्याची भीती होती ते हसू. वेन्सिंगने फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन पावलं पुढे आला, मग लाजून थांबला.

नोंग इस्योंग उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले. "दाय सेंडा, कळलं नाही ना? सांग. माझ्यापुढे कसली लाज."

ते आणखी जवळ सरकले.

"सर्वांत वरचा कुठला होता, एवढं तरी?"

तिने डाव्या हाताचा तळवा उचलला आणि आपल्या कानावर ठेवला. कान बंद. कानात गेलेलं बाहेर येत नाही. तिला बोलायचं नव्हतं असं नाही. तिला बोलता येत नव्हतं, कारण ती अजून कान होती. समोरच्या सगळ्यांना मात्र एवढंच दिसत होतं, एक आजारी बाई कानावर हात ठेवून बसलीय.

"बरं," नोंग इस्योंग हळूच म्हणाले. "बरं. वेन्सिंग, टब घे."

त्या घटकेला मला दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे मी गप्प बसले तर पुन्हा कधीच कुणाला काही कळणार नाही. अकरा जण बोलणार नाहीत, कारण त्यांची अब्रू अडकलीय. ती बोलणार नाही, कारण तिची शपथ आहे. बोलू शकते ती मी एकटी. आणि दुसरी म्हणजे मी बोलले की या धक्क्यावर मला पुन्हा कुणी मासा विकणार नाही, विकत घेणार नाही, माझ्या काट्यावर कुणी वजन करणार नाही.

पहिला टब उचलला गेला होता.

"चार हजार!" मी ओरडले. माझाच आवाज मला परका वाटला. "सगळ्यांनी तिला चार हजार सांगितलेत! अकराही जणांनी! मी सांगितलं त्यांना. मी काल घरोघर फिरले. तिला कळलंय, नोंग, तिला सगळं कळलंय, म्हणून ती नाही म्हणतेय!"

टब घेतलेला माणूस टब घेऊन तसाच उभा.

"बहिणीचं डोकं गेलं तसं हिचंही गेलं," बास्यांग म्हणाली. "कोण ऐकतंय हिचं? मी सांगितला तो माझा भाव मला ठाऊक."

"सांग मग किती सांगितलास!"

"मी का सांगू? लिलाव आहे की कबुलीजबाब?"

नोंग इस्योंगनी मानांगकडे बघितलं. "दाय, खरं आहे हे?"

तळवा कानावरून हलला नाही. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. बोल की गं! बोल, आता तरी!

"चार हजार," पिदो म्हणाला. तो पुढे आला नाही, होता तिथूनच बोलला, वाळूकडे बघत. "मीपण तेच सांगितलं, इस्योंग. मला लाज वाटली, पण सांगितलं."

होडीवरच्या नऊ माणसांपैकी एक, कमरेपर्यंत ओला, तो बास्यांगकडे बघून थुंकला. दुसऱ्याने त्याला धरलं. थोडा वेळ असा गेला की काहीही झालं असतं. मी काट्याचं वजन हातात घट्ट धरलं होतं, का ते मला ठाऊक नाही.

नोंग इस्योंग हळूहळू उठले. त्यांचे गुडघे वाजले. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

"टब खाली ठेव," ते म्हणाले. "पुन्हा सांगा. सगळ्यांनी."

कुणी हलेना.

"ज्याला घ्यायचंय त्याने यावं. ज्याला नाही त्याने घरी जावं. पण जो येईल त्याने माझ्या माणसांकडे एकदा बघून यावं."

सात जण आले. बास्यांग सगळ्यांच्या शेवटी आली, नाक वर करून, पण आली. या वेळी मानांगला वेळ लागला. फार लागला. प्रत्येकाचं ऐकून ती डोळे मिटायची, डाव्या हाताची बोटं मांडीवर एकेक करून टेकवायची. चौथ्याला तिने हाताने थांबवलं आणि म्हणाली, "पुन्हा." एकोणीस वर्षांत तिने कुणाला पुन्हा सांगायला लावलं नव्हतं. कुणी हसलं नाही. ऊन टबांवर चढलं, बर्फ पाणी होऊन वाहू लागला, आणि ती मोजतच होती. मी मनात म्हणत होते, चुकली तरी चालेल, चुकली तरी चालेल. ते खोटं होतं. मला चालणार नव्हतं.

शेवटी तिने ओठ वळवले. ते वाकडे गेले, कुणाला कळेना. मग तिने हात उचलला आणि बोटाने दाखवलं. बास्यांग.

बास्यांगचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिने सगळ्यांहून जास्त सांगितलं होतं आणि मानांगने माल तिलाच दिला होता, कसलाही राग न धरता, कारण भाव तिचा वर होता. नोंग इस्योंग वाकले. मानांगने त्यांच्या कानात आकडा सांगितला. किती ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी बास्यांगकडे बघितलं, तिने मान डोलावली. मग त्यांनी मानांगच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच, आणि आपल्या माणसांना हाक मारली.

धक्का रिकामा व्हायला वेळ लागला नाही. माझ्याशी कुणी बोललं नाही. बास्यांगने टब गाडीत चढवले आणि जाताना माझ्या काट्यावर वजन न करता गेली, वेन्सिंगच्या काट्यावर करून. मी खाली बसून साखळी घासत राहिले. मला वाटत होतं मानांग आता शिवी देईल. मी वाट बघत होते. शिवी आली असती तर मी रडले असते आणि सगळं संपलं असतं.

ती खुर्चीतून उठली, भिंतीला धरून माझ्याजवळ आली आणि शेजारी उकिडवी बसली. तिला असं बसायला डॉक्टरांनी मनाई केली आहे.

"काल," ती म्हणाली. मग थांबली. शब्द शोधत राहिली. मी मदत केली नाही, माझी हिंमत झाली नाही. "काल... संध्याकाळी... आले. सगळे. सियेंतोपासून... दिएस मिलपर्यंत. एकही... चुकला नाही."

मी तिच्याकडे बघितलं.

"तुला... हाका मारल्या. खूप. तुला... म्हणून दाखवायचे होते." तिने हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, तो दुखरा, अर्धा वळलेला उजवा हात. "तू... घरी नव्हतीस."